वरकस जमिनीवरचं बांबूचं बेट

पेणच्या पूर्वेकडच्या आणि रोह्याच्या डोंगरउतारांवर नाचणी-वरीची लागवड कमी होत गेली, तशी वरकस जमीन पडीक राहू लागली. बांबू लावायचा तो इथे. पेणच्या खारेपाटात नको, खारं आणि साचलेलं पाणी त्याला मानवत नाही.

काटे नसलेला, जवळजवळ भरीव माणगा बांबू कोकणाला सोयीचा. 5 बाय 5 मीटरवर हेक्टरी 400 रोपं बसतात. सुरुवातीची दोन वर्षं मधल्या जागेत नाचणी घेता येते. पण मोकाट गुरं आणि वणवा यांपासून राखण नसेल, तर लागवडीच्या भानगडीत पडूच नये.

पावसाळ्यात कंदातून कोंब फुटतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी जाड होत नाही, फक्त आतून टणक होत जाते. म्हणून तोडायची ती तीन वर्षं झालेलीच. नवे कोंब कडेने येतात, जून काठ्या मध्ये अडकतात. घाईत माणूस हाताशी असलेली कडेची कोवळी काठी कापतो आणि बेट दुबळं होतं, कारण नवे डोळे कोवळ्या कंदावरच फुटतात. त्यापेक्षा एका बाजूने वाट मोकळी करून आत शिरावं, जून काठी जमिनीलगतच्या पेरावर कापावी. बुरुडकामाला मात्र कोवळी काठी लागते. त्यासाठी काही बेटं वेगळी राखावीत.

बांबू लावला की दरड थांबते, असं सांगितलं जातं. तळिये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) इथल्या दरडी पाहिलेल्या रायगडला अशी खोटी हमी देऊ नये. बांबूची मुळं मातीच्या वरच्या थरात पसरतात; पावसाने धुपणारी माती ती धरून ठेवतात, खोलवरून सरकणारा डोंगर नाही. बांबू शोषून घेतो त्या कार्बनचंही तसंच. काठी कुजली की तो हवेत परत जातो, वाशात किंवा फर्निचरमध्ये टिकली तर तिथेच राहतो. त्यासाठी काठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावी लागते, नाहीतर भुंगेरे तिचं पीठ करतात.

वन कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तोडीला ती अडचण राहिलेली नाही. पहिली तोड चौथ्या-पाचव्या वर्षी, मग दरवर्षी. तोडीचा हंगाम दिवाळीनंतरचा. नेमकी तेव्हाच इथली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जायला निघतात. तोड, चिराई आणि मुरवणी गावातच झाली, तर त्यांतल्या काहींना त्या महिन्यांत वाडीजवळच मजुरी मिळेल आणि मुलांची शाळा मध्येच सुटणार नाही.