नात्यांसाठी एक परवाना

लडाखमधील तुर्तुकचा देश एका रात्रीत बदलला. डिसेंबर १९७१च्या युद्धात तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही बाल्टी गावे भारताकडे आली. त्या दिवसांत रोजगारासाठी वा शिक्षणासाठी स्कर्दूकडे गेलेले पती, पुत्र, भाऊ तिकडेच राहिले. मध्ये नियंत्रण रेषा आली आणि वाट पाहणे हाच अनेक घरांचा जीवनक्रम झाला.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला एक विसंगती खुपते. डोगरा राजवटीत लेह, कारगिल आणि स्कर्दू या एकाच लडाख वजारतीच्या तहसिली होत्या; वजिराची कचेरी वर्षातील काही महिने लेहला, तर काही महिने स्कर्दूला असे. कारगिल-स्कर्दू वाट १९४८पासून बंद आहे. अंतर दोनशे किलोमीटरहून कमी. परंतु भावाला भेटायचे तर बहिणीला दिल्लीत व्हिसा मिळवून अटारी, लाहोर, इस्लामाबाद असा हजार किलोमीटरहून लांबचा वळसा घालावा लागे. एप्रिल २०२५मध्ये तो मार्गही बंद झाला. फोनवर चेहरा दिसतो. मयतीला खांदा देता येत नाही.

उपाय नाही असे नाही. ७ एप्रिल २००५ रोजी श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, तेव्हा पेच पासपोर्टचा होता. त्यावर शिक्का उमटविणे म्हणजे नियंत्रण रेषेला आंतरराष्ट्रीय सीमा मानणे. तोडगा निघाला तो साध्या प्रवास-परवान्याचा. दोन्ही बाजूंनी पडताळणी, ठरलेली मुदत, आणि कोणाच्याच दाव्याला धक्का नाही. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या मला हा कागद अनेक करारांहून मोलाचा वाटतो. पुढे पूंछ-रावलाकोट मार्गही खुला झाला. कारगिल-स्कर्दू मात्र चर्चेतच राहिला. २०१९मध्ये बसही थांबली.

सुरक्षेचा आक्षेप रास्त आहे. त्याच वर्षी नियंत्रण रेषेपलीकडचा व्यापार स्थगित करताना केंद्राने शस्त्रे, अमली पदार्थ व बनावट चलनाच्या तस्करीचे कारण दिले होते. परंतु मालाचा ट्रक आणि सत्तरीतली बहीण यांना एकच माप लावता येत नाही. संबंध निवळतील तेव्हा पहिली मागणी व्यापाराची होईल. माझ्या मते पहिला मान भेटींचा असावा: वृद्ध आप्तांसाठी, ठरावीक दिवशी, पहाऱ्यातील एखाद्या ठिकाणी, त्याच परवान्यावर. व्यापार आणखी दहा वर्षे थांबू शकेल. १९७१मध्ये विशीत असलेल्या पत्नीने आज सत्तरी ओलांडली आहे.