राजदूत ३५० : जीर्णोद्धाराचे यंत्रशास्त्र आणि मूळपणाचा प्रश्न

बीजसंज्ञा : टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर, जीर्णोद्धार, मूळपणा, वाहन नोंदणी

प्रस्तावना

जुन्या मोटारसायकलींचे जतन हा बहुधा हौसेचा विषय समजला जातो. रंग चकचकीत केला, क्रोम नव्याने चढविले आणि इंजिन एका किकमध्ये सुरू झाले की गाडी 'पूर्ववत' झाली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज यंत्रशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. यंत्राची दुरुस्ती करताना त्याच्या मूळ धातूचा काही अंश दर वेळी खर्ची पडतो व तो परत मिळत नाही. प्रस्तुत लेखात भारतात तयार झालेल्या राजदूत ३५० या वेगवान मोटारसायकलीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली आणि १९७६ मध्ये तिची जागा आर. डी. ४०० ने घेतली. जपानमध्ये अशा रीतीने निवृत्त झालेली ही रचना सात वर्षांनी भारतात अवतरली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून ती 'राजदूत ३५०' या नावाने तयार केली. तोपर्यंत राजदूत म्हटले की पोलंडच्या एस. एच. एल. गाडीवर बेतलेली, दूधवाल्यांच्या किटल्या वाहणारी १७५ सी.सी.ची कष्टाळू गाडी डोळ्यांसमोर येई. तेच नाव घेऊन आलेली ही नवी गाडी मात्र अगदी निराळ्या जातीची होती.

तिचे इंजिन ३४७ सी.सी. क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे व टू-स्ट्रोक होते आणि तिला सहा गिअर होते. आरंभीच्या 'हाय टॉर्क' आवृत्तीची शक्ती ३०.५ अश्वशक्ती, तर नंतरच्या 'लो टॉर्क' आवृत्तीची २७ अश्वशक्ती होती. त्याच काळातील ३५० सी.सी. बुलेट सुमारे १८ अश्वशक्तीची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गाडीविषयीच्या दंतकथांचा उगम कळतो. खर्च कमी राखण्यासाठी मूळ जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून येथे ड्रम ब्रेक बसविण्यात आला. वेग वाढविला आणि थांबण्याची सोय उणी केली, असा हा विचित्र व्यवहार होता.

व्यापारी दृष्ट्या गाडी यशस्वी झाली नाही. १९८४-८५ च्या सुमारास इंड-सुझुकी, हिरो होंडा सी. डी. १०० आणि यामाहा आर. एक्स. १०० या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या आणि मध्यमवर्गीय ग्राहक तिकडे वळला. दशक संपता संपता राजदूत ३५० चे उत्पादन आटोपले. चेन्नईजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींनी तिची कीर्ती टिकविली खरी. परंतु शर्यतीसाठी इंजिने कोरून-कापून वाढविण्याची जी रीत पडली, तिनेच अनेक मूळ सिलिंडरांचा बळीही घेतला.

सिलिंडर : संपणारे भांडवल

या गाडीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असून आत बिडाचे अस्तर (लायनर) आहे. मूळ व्यास ६४ मि.मी. व पिस्टनची धाव ५४ मि.मी. आहे. झीज झाली किंवा पिस्टन जाम बसून ओरखडे पडले, की लेथवाला सिलिंडर 'बोअर' करून मोठा करतो व त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवितो. ही वाढ पाव मिलिमीटरच्या टप्प्याने होते : ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि शेवटी ६५.००. म्हणजे कारखान्याने प्रत्येक सिलिंडराला चार दुरुस्त्यांचे आयुष्य दिलेले आहे. शेवटच्या टप्प्याला इंजिनाची क्षमता ३४७ वरून सुमारे ३५८ सी.सी. होते. त्यापुढे अस्तर पातळ पडते आणि ते काढून नवे बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

नवे अस्तर बसविणे हे साध्या इंजिनात फारसे अवघड काम नाही. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र सिलिंडराच्या भिंतीलाच वायूच्या ये-जा करण्याच्या खिडक्या म्हणजे पोर्ट असतात. फोर-स्ट्रोक इंजिनात जे काम झडपा करतात ते येथे या खिडक्यांची उंची, रुंदी व कोन करतात. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर वर-खाली झाली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. नव्या अस्तरातील खिडक्या बाहेरच्या ॲल्युमिनियममधील मार्गांशी तंतोतंत जुळल्या नाहीत, तर ताजे मिश्रण अडखळत आत येते. अशी गाडी सुरू होते, धावतेही. पण ती मूळ राजदूत ३५० सारखी धावत नाही आणि मालकाला त्याचे कारण उमगत नाही.

यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. प्रथम मापन व्हावे, मगच कटाई. सिलिंडर वर, मध्ये व खाली, तसेच परस्परांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी बोअर गेजने मोजला, तर झीज कोठे व किती आहे हे समजते. पुष्कळदा नुसत्या होनिंगने व नव्या रिंगांनी काम भागण्यासारखे असते. तरीही 'गाडी उघडलीच आहे तर बोअर करून टाकू' या सवयीपोटी एक टप्पा व्यर्थ दवडला जातो. एकाच सिलिंडरात दोष असला तरी दोन्ही सिलिंडर समान मापाचे ठेवावे लागतात, म्हणून ही उधळपट्टी दुप्पट होते. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडाव्या लागतात. तसे न केल्यास रिंग कडेत अडकून तुटते आणि नवे काम पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच वाया जाते.

पिस्टन जाम का बसतो

सिलिंडर वाचवायचा तर रोगाचे मूळ शोधले पाहिजे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, अस्तर बिडाचे. समान उष्णतेत पिस्टन अधिक फुगतो. दोहोंमधील फट शतांश मिलिमीटरात मोजावी इतकी अल्प असते. मिश्रणात हवेचे प्रमाण वाढले की तापमान चढते, फट नाहीशी होते आणि पिस्टन भिंतीला घासत जागीच अडकतो. अशा वेळी पिस्टन बदलून गाडी परत देणारा मिस्त्री ताप उतरवितो, दुखणे तसेच राहते.

टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये येते व तेथे दाबले जाते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असणे ही पहिली अट होय. या गाडीत दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेने चालतात. एक वर असता दुसरा खाली. म्हणून प्रत्येकाची क्रँककेस स्वतंत्र ठेवावी लागते. जनित्राच्या बाजूचे ऑइल सील कडक होऊन फाटले, तर तेथून कोरडी हवा शिरते, त्या सिलिंडरातील मिश्रण विरळ होते आणि जाम बसण्याची वेळ येते. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन जळते. त्या वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो व गिअरबॉक्समधील तेल काहीही न गळता कमी होत जाते. सर्व तोंडे बंद करून इंजिनात प्रति चौरस इंच सुमारे सहा पौंड इतकी हवा भरावी आणि दाब टिकतो का ते पाहावे. सायकलचा पंप आणि एक दाबमापक एवढ्या सामग्रीवर होणारी ही परीक्षा अनेक महागड्या दुरुस्त्या टाळू शकते. ती फारच थोड्या गॅरेजांत केली जाते, हे नमूद केले पाहिजे.

दुसरे कारण तेलपुरवठ्याचे. या गाडीत 'ऑटोल्यूब' नावाचा पंप असून तो इंजिनाची गती आणि ॲक्सिलरेटरची स्थिती या दोहोंनुसार तेल पुरवितो. पंपावर विश्वास नसल्याने अनेक मालकांनी तो काढून टाकला व तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळण्यास सुरुवात केली. सपाट रस्त्यावर हे चालून जाते. आंबा घाटासारख्या लांब उतारावर मात्र ॲक्सिलरेटर बंद आणि गिअरमुळे इंजिनाची गती चढलेली, अशी अवस्था बराच वेळ राहते. पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे त्यातील तेलही बंद. पंप शाबूत असता तो गतीच्या प्रमाणात थोडे तरी तेल देत राहिला असता. नळीतील हवा काढणे आणि पंपाची केबल खुणेवर जुळविणे एवढी निगा राखली, तर हा पंप काढण्याचे कारण उरत नाही.

प्रज्वलनाची वेळ हेही जोखमीचे अंग आहे. दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र पॉइंट असतात व ठिणगी पिस्टन शिखरबिंदूच्या २ मि.मी. खाली असताना पडावी लागते. हे माप प्लगच्या छिद्रात डायल गेज बसवून घ्यावयाचे असते. अनुभवी मिस्त्री कानाने वेळ जुळवितात. त्यांचे कौशल्य मान्य करूनही दोन सिलिंडरांतील सूक्ष्म तफावत कानाला कळत नाही, असेच म्हणावे लागते.

आजच्या इंधनाने यात नवी भर घातली आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने न बदललेल्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्के विरळ होते. म्हणजे १९८३ चा मुख्य जेट आज तसाच ठेवणे हेच धोक्याचे ठरू शकते. प्लगचा रंग पाहून जेट एक-दोन मापांनी वाढविणे, जुन्या रबरी नळ्या बदलणे आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवणे हे उपाय करावे लागतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते व पाणी टाकीच्या तळाशी साचून पत्र्याला गंज चढतो. कोकण व गोव्याच्या दमट हवेत हे अधिकच जाणवते.

मूळपणा म्हणजे काय

जुन्या वाहनांच्या जतनासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. जतन, संवर्धन व जीर्णोद्धार या कृती एकसारख्या नव्हेत आणि शक्य तेथे कमीत कमी हस्तक्षेप करावा, हे तिचे सूत्र. आपल्याकडील रीत नेमकी उलट आहे. जुना रंग खरवडून नवा देणे, फिकट झालेले स्टिकर फेकून नवे लावणे, यालाच जीर्णोद्धार म्हटले जाते. कारखान्याचा रंग पुन्हा कधीही मिळत नाही. त्याची नक्कल तेवढी मिळते.

याचा अर्थ कोणताही बदल वर्ज्य मानावा असा नाही. ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क बसविणारे मालक जिवाच्या सुरक्षेचा विचार करतात व तो रास्त आहे. चौकट न कापता, मूळ चाक व ड्रम जपून ठेवून केलेला बदल उद्या उलटविता येतो. पोर्ट कोरून केलेला बदल उलटविता येत नाही. बदलाची कसोटी ही असावी. केलेल्या प्रत्येक कामाची, सिलिंडराच्या मापाची व बदललेल्या भागांची नोंद वहीत ठेवणे हेही जीर्णोद्धाराचेच अंग आहे. ज्या मिस्त्रींनी या गाड्या नव्या असताना उघडल्या, ते आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांचे ज्ञान बव्हंशी तोंडी आहे.

सुट्या भागांचा बाजार हा स्वतंत्र विषय ठरावा. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार येथे संयमाने शोध घेणाऱ्यास कधी मूळ भाग गवसतो. परंतु क्रँककेस विकत घेताना विशेष सावध राहावे लागते. इंजिन क्रमांक तिच्यावरच कोरलेला असतो. साखळी तुटून क्रँककेस फुटणे हा या गाडीचा नेहमीचा अपघात. दुसरी क्रँककेस बसविली की नोंदणीपुस्तक आणि इंजिन यांचा मेळ तुटतो. परिवहन कार्यालयाच्या परवानगीवाचून असा बदल, किंवा क्रमांक पुन्हा ठोकून घेणे, मालकाला गुन्ह्याच्या कक्षेत नेते.

कायद्याच्या दोन टोकांमध्ये

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकींसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कराचीही भर पडते. प्रदूषण तपासणीत मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के व हायड्रोकार्बन ९,००० पी.पी.एम. अशी सैल मर्यादा आहे. योग्य जुळणी केलेले इंजिन या मर्यादेत राहू शकते. धूर ओकणारे इंजिन बहुतेक वेळा नादुरुस्तच असते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते व नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र वाहन प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने असावे लागते. 'फिवा'च्या व्याख्येत ३० वर्षे पुरतात आणि त्या हिशेबाने आज प्रत्येक राजदूत ३५० ऐतिहासिक ठरते. भारतीय नियमाने १९८३ ची पहिली गाडी २०३३ नंतर पात्र होईल, शेवटच्या गाड्यांना २०४० च्या आसपासपर्यंत थांबावे लागेल. शिवाय चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी या नियमांची अट आहे. त्यामुळे मधल्या वर्षांत कोणत्या लेथवर, कोणत्या मापाने आणि कोणत्या नोंदीसह सिलिंडर उघडला गेला, यावर या गाड्यांपैकी किती त्या दारापर्यंत पोहोचतील हे अवलंबून राहील.