विजेच्या स्कूटरचे टायर : निगा आणि बदल

पुण्याच्या आकुर्डी भागांत १९७२ सालीं चेतक नांवाची स्कूटर तयार होऊं लागली आणि पुढें कित्येक वर्षें ती मध्यमवर्गीय घरांतील एक कुटुंबीयच होऊन बसली. तिच्या अंगावर स्टेपनी, म्हणजे एक जादा चाक, कायम बसविलेलें असे. वाटेंत चाकांतील हवा गेली, तर घरचा कर्ता रस्त्याच्या कडेस स्कूटर उभी करी, पान्यानें नट सैल करी आणि थोड्याच वेळांत चाक बदलून मार्गस्थ होई. पुढचें चाक, मागचें चाक आणि स्टेपनी हीं तिन्ही एकाच मापाचीं असल्यामुळें कोणतेंही चाक कोठेंही बसे. शिवाय चार-आठ दिवसांनीं पेट्रोल भरावयास जावेंच लागे. तेथें पंपाच्या एका कोपऱ्यांत हवेची नळी असे, आणि पेट्रोलाबरोबर चाकांची विचारपूसही सहज होऊन जाई.

२०२० सालीं तेंच नांव धारण करून विजेवर चालणारी चेतक रस्त्यावर आली. तिच्या आगेंमागें इतर कारखान्यांच्याही विजेच्या स्कूटरी आल्या, आणि आज शहरांतील पुष्कळ सोसायट्यांच्या आवारांत रात्रीं एखादी तरी स्कूटर भिंतीवरील सॉकेटाला जोडून ठेवलेली दिसते. या नव्या वाहनास पेट्रोल नको, इंजिनाचें ऑईल नको, स्पार्क प्लगही नको. गृहस्थाचे किती तरी कष्ट वांचले. परंतु पेट्रोल पंपाची वाट सुटली तशी त्या वाटेवरची हवाही सुटली. स्टेपनी तर केव्हांच गेली. त्यांतून घरांतील तिघेंचौघें मिळून एकच स्कूटर वापरतात. सकाळीं मुलगी तिच्यावर बसून कॉलेजास जाते, दुपारीं आई बँकेंत जाऊन येते, सायंकाळीं वडील धाकट्यास शिकवणीहून आणतात. टायर पाहण्याचें काम यांपैकीं कोणाचें, हें मात्र कधींच ठरलेलें नसतें; आणि जें काम सर्वांचें तें अखेर कोणाचेंच होत नाहीं. विजेच्या स्कूटरच्या देखभालींत घरच्या माणसांनीं स्वतः लक्ष घालावें असें जें सर्वांत महत्त्वाचें काम उरलें आहे, तें हेंच होय.

टायर म्हणजे रबराचें एक जाड कडें, असें वरवर पाहतां वाटतें. वस्तुतः वाहनाचा भार मुख्यतः रबर उचलीत नाहीं. तो आंत कोंडलेली हवा उचलते. ही कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं पेटंट घेऊन मांडली होती. परंतु ती विस्मृतींत गेली. पुढें बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचीं चाकें करून पाहिलीं, आणि १८८८ सालीं त्यांचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून आजपर्यंत तत्त्व तेंच आहे. दर चौरस इंचावर किती पौंड दाब पडतो, या मापानें ही हवा मोजतात. पंक्चरवाला ‘तीस भरूं का?’ असें विचारतो, तेव्हां त्याच्या मनांतील तीस म्हणजे हेच पौंड. मागच्या चाकावर १२० किलो भार असून आंत ३० पौंड दाब असला, तर त्या चाकाचा जमिनीस टेकणारा भाग हिशेबानें सुमारें ५७ चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे बोटें सोडून उरलेल्या तळव्याहूनही तो लहान असतो. वळणें, थांबणें, खड्डा चुकविणें, हें सारें अशा दोन तळव्यांच्या आधारानें चालतें.

या दोन तळव्यांवर विजेची स्कूटर थोडा अधिक ताण घालते. पेट्रोलच्या इंजिनास जोर धरण्यासाठीं आधीं वेग घ्यावा लागतो. विजेची मोटार मात्र उभ्या जागेपासूनच आपला पुरा जोर चाकास देऊं शकते. सिग्नलचा दिवा हिरवा होतांच मूठ पिरगळून उसळी घेण्याची संवय लागली, कीं त्या प्रत्येक उसळीसरशी मागच्या टायरचें थोडें थोडें रबर रस्त्यावर राहतें. मूठ सोडल्यावर पुष्कळशा स्कूटरींत मोटारच उलट वीज निर्माण करून वेग आवरते. तो अडसरही बहुधा मागच्याच चाकावर येतो. त्यांत बॅटरीच्या वजनाची भर असते. टीव्हीएस आयक्यूबसारख्या कांहीं स्कूटरींत तर मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यांतच बसविलेली असते. तिचें वजन स्प्रिंगच्या खालीं पडत असल्यामुळें खड्ड्यांतून जातांना टायरवर व रिमवर बसणारा आघात अधिक कठीण होतो. उलट एथर ४५० सारख्या स्कूटरींत मोटार चाकाबाहेर असून पट्ट्याच्या द्वारें चाक फिरवितें. आपली स्कूटर यांपैकीं कोणत्या जातीची, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असणें चाक काढण्याच्या वेळीं फार उपयोगी पडतें.

निगेंतील पहिली गोष्ट हवेची. पुढच्या व मागच्या चाकास किती दाब हवा, हें स्कूटरच्या पुस्तिकेंत आणि बहुधा अंगावर चिकटविलेल्या चिठीवरही छापलेलें असतें. पुढच्या चाकाहून मागच्यास अधिक, आणि मागें कोणी बसणार असेल तर मागच्यास आणखी कांहीं पौंड, असा सर्वसाधारण क्रम असतो. टायरच्या बाजूवर उठविलेला दाबाचा आंकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. रोज भरावयाचें प्रमाण नव्हे. टायर अगदीं निर्दोष असला तरी रबरांतून हवा हळूहळू झिरपत राहते आणि महिन्याकाठीं पौंड-दोन पौंड दाब कमी होतो. तेव्हां पंधरवड्यांतून एकदां तरी मोजणें अवश्य आहे. हें मोजमाप सकाळीं, स्कूटर बाहेर काढण्यापूर्वीं करावें. चालल्यानें टायर तापतो, आणि तीस पौंडांच्या आसपास असतांना दर दहा अंश सेल्सियस उष्णतेमागें दाब सुमारें दीड पौंड चढतो. दुपारच्या उन्हांत फिरून आलेल्या चाकाचा आंकडा पुरेसा दिसला, तरी तो आंकडा हवेचा नसून उन्हाचा असूं शकतो. बॅटरीवर चालणारा लहान पंप किंवा सायकलचा पायपंप आणि दाब मोजण्याचें एक साधें यंत्र एवढें घरीं असलें, कीं कोणावर अवलंबून राहावें लागत नाहीं.

हवा कमी असल्यास काय होतें? सामान्य मापाच्या बारा इंची चाकास एक किलोमीटर जाण्यासाठीं सुमारें ६८० फेरे घ्यावे लागतात. प्रत्येक फेऱ्यांत टायर जमिनीशीं दबतो व पुन्हां उमलतो. दबतांना खर्च झालेली सारी शक्ति उमलतांना परत मिळत नाहीं. कांहीं उष्णता होऊन वायां जाते. हवा जितकी कमी तितका टायर अधिक दबतो आणि वायां जाणारी शक्तीही वाढते. परिणामीं एका चार्जमध्यें जाणारें अंतर घटतें, आणि घरोघरीं दोष मात्र बॅटरीस दिला जातो. हजारों रुपयांच्या बॅटरीविषयीं चिंता करण्याआधीं चाकांत दाब किती आहे हें पाहणें शहाणपणाचें ठरेल. याउलट प्रमाणाबाहेर हवा भरली, तर टायर केवळ मधल्या पट्ट्यावर चालतो, तेथेंच लौकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते.

दुसरी गोष्ट झिजेची. टायरवर ज्या खांचा असतात त्या शोभेसाठीं नसतात; पावसाचें पाणी बाजूस सारून रबरास रस्त्याशीं भिडूं देणें, हें त्यांचें कार्य. या खांचांच्या तळाशीं जागोजागीं रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. टायरच्या बाजूवर बारीक बाण अथवा टीडब्ल्यूआय हीं अक्षरें दिसतात, त्यांच्या सरळ रेषेंत हे उंचवटे सांपडतात. टायरचा पृष्ठभाग झिजून उंचवट्यांच्या बरोबरीस आला, म्हणजे त्याचें आयुष्य संपलें असें समजावें. मग तो दिसावयास कितीही धड असो. ओल्या रस्त्यावरील पकड तत्पूर्वींच कमी होऊं लागते. म्हणून आपल्याकडील पावसांत अगदीं शेवटच्या रेघेची वाट न पाहणें बरें.

या गोष्टीचें महत्त्व एका हिशेबावरून कळेल. ताशी ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्कूटरचा ब्रेक दाबला, आणि कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणक ०.७ धरला, तर ती सुमारें १४ मीटरांत थांबते. रस्ता ओला होऊन तोच गुणक ०.४ वर आला, तर साडेचोवीस मीटर लागतात. मधले दहा मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारी म्हातारी किंवा अचानक थांबलेली रिक्षा. पहिल्या पावसांत तेल, धूळ व पाणी यांचा जो चिकट थर रस्त्यावर तयार होतो, तो तर अधिकच निसरडा असतो. अशा वेळीं गुळगुळीत टायर घेऊन कोणी घराबाहेर पडलें, तर बेफिकिरी त्या चालविणाराची नसते. ती सबंध घराची असते.

झिजेखेरीज वयही पाहावें लागतें. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२३ असें असेल, तर तो टायर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. ऊन व हवेंतील ओझोन वायु यांमुळें न वापरलेलें रबरही कडक होतें आणि त्यावर केसासारख्या चिरा पडतात. पांच वर्षें उलटल्यावर दरवर्षीं जाणत्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी. बाजूस चीर पडली असेल, किंवा खड्ड्याच्या आघातानें आंतील धागे तुटून फुगा आला असेल, तर वय वा खांचा न पाहतां टायर तत्काळ बदलावा.

आतां पंक्चरविषयीं. नव्या स्कूटरींचे टायर बहुधा ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेले असतात. खिळा रुतला तरी हवा एकदम न जातां हळूहळू जाते. खिळा दिसतांच उपटूं नये. हवा टिकून असल्यास सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जावें. मधल्या पट्ट्यांतील लहान भोंक चिकट रबरी पट्टी खुपसून बंद करतां येतें. आंतून ठिगळ लाविल्यास तें अधिक टिकतें. बाजूच्या भिंतीस पडलेलें भोंक मात्र दुरुस्त करूं नये, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्यांत वांकत असतो. हवा पूर्ण गेलेल्या चाकावर स्कूटर चालविल्यास टायर आंतून फाटतो आणि रिमही वांकते.

टायर बदलण्याची वेळ आली, म्हणजे जुन्या टायरवरील अक्षरें उतरवून घ्यावीं. ९०/९०-१२ याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा ९०, आणि रिम १२ इंची. पुढें ५४जे असें असल्यास ५४ हा २१२ किलो भाराचा आणि जे हा ताशी १०० किलोमीटर वेगाचा संकेत होय. माप तेंच घ्यावें. भार व वेग यांचे संकेत मूळच्याहून कमी नसावेत. अधिक रुंद टायर दिसण्यांत रुबाबदार वाटला, तरी तो अंगास घासूं शकतो आणि विजेचा खर्चही वाढवितो.

प्रत्यक्ष काम दुकानदारानें केलें तरी घरच्या माणसानें तेथें उभें राहून चार गोष्टी पाहाव्या. प्रथम स्कूटर पुरती बंद करावी. चाक बाहेर असतांना डिस्क ब्रेकचा दांडा दाबूं नये, नाहीं तर ब्रेकचे ठोकळे एकमेकांस भिडून चाक परत बसविणें कठीण होतें. मोटार तुंब्यांत असेल, तर तिच्या जाड तारांचा जोड आधीं सोडवावा, वॉशरांचा क्रम लिहून किंवा त्यांचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि चाकाचें वजन तारांवर पडूं देऊं नये. या कामाचा सराव नसलेल्या माणसाच्या हातीं तें देण्यापेक्षां अधिकृत दुरुस्ती केंद्रांत जाणें बरें. टायरवरील बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेशीं जुळली पाहिजे. व्हॉल्व्हही त्याच वेळीं नवा घालावा, कारण त्याचें रबर टायराइतकेंच जुनें झालेलें असतें. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेघ सर्व बाजूंनीं सारखी दिसली, म्हणजे टायर नीट बसला. आंसाचा नट पुस्तिकेंत दिलेल्या जोरानेंच आवळावा. नवा टायर प्रारंभीं गुळगुळीत असतो. म्हणून पहिले शंभर-दीडशें किलोमीटर मूठ व ब्रेक दोन्ही हळुवार वापरावे आणि वळणावर फार कलूं नये.

ही सर्व निगा लक्षांत राहावी कशी? पंधरवड्यांतील एखादा रविवार हवेसाठीं ठरवून कॅलेंडरावर खूण करावी आणि तें काम एकाच माणसाकडे नेमून द्यावें. घरांतील शाळकरी मुलासही तें आनंदानें करतां येतें. वर्षांतून दोनदां सविस्तर पाहणी करावी : एकदां मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं आणि एकदां दसऱ्यास. त्या दिवशीं वाहन धुवून त्यास झेंडूची माळ घालण्याची चाल घरोघरीं आहेच. माळ घालण्यापूर्वीं खालीं वांकून दोन्ही चाकांवरून एकदां बोट फिरवावें, खांचा पाहाव्या, चार आंकडे वाचावे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील ज्या कोणास त्या स्कूटरवरून बाहेर जावयाचें असेल, त्याची काळजी यापेक्षां सोप्या रीतीनें घेतां येणार नाहीं.