एकदाच फुलणारी झाडे : ओतूरच्या हवेत ब्रोमेलियाड

ब्रोमेलियाड कुळातले महाराष्ट्रात घरोघर माहीत असलेले झाड एकच, अननस. रोपवाटिकांमध्ये शोभेसाठी मिळणारी ग्युझमेनिया, एकमिया, नियोरेगेलिया, बिलबर्जिया, टिलँड्सिया ही सगळी त्याच्याच भावकीतली. या कुळात ३,५०० हून अधिक जाती आहेत. त्यांतली एक पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या खडकांवर वाढते, बाकीच्या साऱ्या अमेरिका खंडातल्या. ओलोफ ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ शार्ल प्लुमिए या फ्रेंच अभ्यासकाने ‘ब्रोमेलिया’ हे नाव योजले आणि पुढे सगळे कुळच त्या नावाने ओळखले जाऊ लागले.

कोलंबसाच्या माणसांनी अननस १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर पाहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. मराठीतला ‘अननस’ हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांमधून पोर्तुगीजांच्या तोंडून इकडे आला. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेले हे फळ आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी येते, अशी नोंद जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत करून ठेवली आहे. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत अननस आंतरपीक म्हणून रुळला. घाटावर मात्र तो बाजारातून येणारे फळच राहिला आणि त्याची शोभेची भावंडे तर अगदी अलीकडे कुंड्यांतून आली.

हे झाड सांभाळण्याआधी त्याची जगण्याची तऱ्हा समजून घ्यावी लागते. बरीचशी ब्रोमेलियाड मूळ रानात झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. जुन्नर-आंबेगावकडे आंब्या-जांभळावर उगवलेल्या कशालाही बांडगूळ म्हणण्याची रीत आहे, पण बांडगूळ आश्रयाच्या झाडात मुळे घुसवून त्याचा रस ओढते. ब्रोमेलियाड तसे काही करत नाही. ते फांदीला नुसते धरून राहते. सह्याद्रीच्या रानात हीच जागा आमरीने आणि बाशिंगासारख्या नेच्यांनी घेतली आहे. म्हणून माळशेजच्या जंगलात आमरी पाहिलेल्या माणसाला ब्रोमेलियाडची निम्मी ओळख आधीच झालेली असते. त्याची मुळे मुख्यतः पकड घेण्यासाठी असतात. पाणी पिण्याचे काम पाने करतात. पाने बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगून मधोमध एक पेला तयार होतो. त्यात पावसाचे पाणी, गळालेला पाचोळा, मेलेले किडे साचतात, आणि पानांवरचे बारीक खवले त्या पाण्यातून अन्न शोषून घेतात.

या खवल्यांवरून झाडाची गरजही ओळखता येते. पान राखाडी, चंदेरी, खरखरीत असेल तर खवले दाट आहेत, म्हणजे त्या झाडाला ऊन आणि कोरडेपणा सोसतो. पान मऊ, हिरवे, चकचकीत असेल तर त्याला सावली आणि ओलसर हवा लागते. पुस्तक न उघडता रोपवाटिकेतच उपयोगी पडणारी यापेक्षा चांगली खूण नाही. अननसासह यातल्या कित्येक जाती पानांची छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही आणि कोरडे दिवस निभावतात.

ओतूरच्या हवेचा विचार इथे येतो. जुन्नर तालुक्यातले मांडवीकाठचे हे गाव दोन हवामानांच्या उंबरठ्यावर आहे. पश्चिमेला माळशेज घाटात पावसाळाभर धुके आणि संततधार, पूर्वेला आळेफाट्यापुढे मोकळा, कोरडा माळ. गाव पठारावर, समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात, आणि मार्च ते मे दुपारचा वारा पानाची कड करपवतो. कोकणातल्या परसात ब्रोमेलियाड जवळजवळ आपसूक वाढते. ओतुरात त्याला ऋतूप्रमाणे जागा बदलून द्यावी लागते.

नवख्याने बिलबर्जियापासून सुरुवात करावी. थंडी, कोरडेपणा, थोडे दुर्लक्ष हे सगळे ती सोसते आणि दोन-तीन वर्षांत कुंडी भरून टाकते. चंदेरी पट्ट्यांच्या पानांची आणि गुलाबी तुऱ्याची एकमिया फॅसिएटाही तशीच काटक. नियोरेगेलियाचे सारे वैभव पानांत असते. सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर तिचा रंग खुलतो, आणि फुलायच्या वेळी मधली पाने लालभडक होतात. दुकानात सर्वांत जास्त खपणारी लाल-केशरी तुऱ्याची ग्युझमेनिया ओतुरासाठी सर्वांत अवघड आहे. पारा १० अंशांच्या खाली गेला की ती कोमेजते आणि कोरड्या वाऱ्यात तिच्या पानांची टोके वाळतात. ती घरात, पूर्वेच्या खिडकीशी ठेवावी. टिलँड्सियांना तर मातीच लागत नाही. लाकडाच्या ओंडक्याला बांधून त्या पडवीत टांगता येतात. दाढीसारखी लोंबणारी ‘स्पॅनिश मॉस’ही टिलँड्सियाच आहे. नावात स्पॅनिश आणि मॉस असले तरी ती स्पेनमधली नाही आणि शेवाळही नाही.

कुंडीत नुसती काळी माती घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि बूड कुजते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळशाचे खडे, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे पानखत एवढे मिश्रण पुरते. घातलेले पाणी कुंडीच्या तळातून लगेच बाहेर आले पाहिजे. कुंडी लहानच बरी. शेणखत भरभरून घातले तर पाने लांब, लुळी आणि हिरवीगार होतात व रंग जातो. विद्राव्य खत द्यायचेच तर अगदी पातळ करून, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पुरे.

पाण्याबाबत विहीर आणि बोअर यांच्यावर फार भरवसा ठेवू नये. जड पाण्यातले क्षार पेल्यात साचतात आणि पानांवर पांढरे डाग राहतात. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी पिंपात साठवले तर ते उन्हाळ्यापर्यंत पुरवून वापरता येते. मात्र पिंपावर झाकण घट्ट हवे. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात, पण पागोळीखाली नको. दिवाळीनंतर पाणी कमी करत जावे आणि कडाक्याच्या थंडीत रात्री पेला रिकामा ठेवावा, नाहीतर गाभा कुजतो. होळीपासून पुढे द्राक्ष-टोमॅटोच्या रोपांसाठी वापरतात तशी हिरवी शेडनेट वर बांधावी आणि दर दोन-तीन दिवसांनी पेला भरावा. टिलँड्सिया आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवून मग उलटी धरून झटकावी, कारण बुडाशी पाणी थांबले की ती आतून सडते.

जुन्नर तालुका द्राक्षांचा आहे, म्हणून इथे एक इशारा वेगळा द्यायला हवा. तांबे ब्रोमेलियाडला विषासारखे लागते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण ज्या पंपात भरले तो पंप नुसता विसळून या झाडांवर वापरू नये. बागेतून वाऱ्यावर आलेला फवाराही पेल्यात साठतो आणि गाभा काळा पडतो. टिलँड्सिया तांब्याच्या तारेने कधी बांधू नये. सुती दोरा किंवा प्लास्टिकची वायर घ्यावी.

पेल्यात साचलेले पाणी डासांनाही आवडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा स्वच्छ, थोड्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास सात-आठ दिवस पुरतात. म्हणून गावात पाण्याची भांडी रिकामी करण्याचा जो ‘कोरडा दिवस’ पाळला जातो, त्याच दिवशी प्रत्येक झाड आडवे करून पेला रिता करावा आणि पाण्याची धार मारून धुऊन काढावा. यात टाळाटाळ करणाऱ्याने पेल्याची झाडे ठेवूच नयेत. त्यापेक्षा टिलँड्सिया बरी.

किडींपैकी पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात दडतात. थोडी झाडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढणे हा सगळ्यात चांगला उपाय.

आता फुलोरा आणि पिले. विकत आणलेल्या ग्युझमेनियाचा तुरा दोन-तीन महिने टिकतो, मग तो तपकिरी पडतो, पाने खालून सुकू लागतात आणि झाड मेले म्हणून कुंडी उकिरड्यावर जाते. इथेच बहुतेकांची चूक होते. ब्रोमेलियाडचा एक गाभा आयुष्यात एकदाच फुलतो. केळीने घड टाकला की ती संपते पण बुडाशी मुनवे ठेवून जाते, तसाच हा व्यवहार आहे. बांधावरचे घायपातही एकदाच दांडा काढते आणि वाळते, फक्त त्याचे कूळ वेगळे. केळी लावलेल्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही.

फूल ओसरल्यावर आईच्या बुडाशी एक ते चार पिले फुटतात. ती दिसताच ओढून काढण्याचा मोह आवरायला हवा. पिलाची उंची आईच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, शक्यतो निम्मी होईपर्यंत ते तिच्यावरच पोसते. तोवर तुरा मुळाशी कापून टाकावा, पण हिरवी पाने राहू द्यावीत. वेळ आली की धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने पिलू आईच्या खोडाला लागून कापावे. पिलाचे बूड टणक असेल तर ते जगते. मऊ, पांढुरके असेल तर कापण्याची घाई झाली असे समजावे. जखम एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावी, मग पिलू वरवर लावून काडीचा आधार द्यावा. खोल पुरलेले पिलू कुजते. मुळे धरेपर्यंत पेल्यात थोडे पाणी आणि सावली एवढेच पुरे. ओतुरात यासाठी मृगाच्या सरींनंतरचे दिवस उत्तम, कारण हवेत ओल असते आणि ऊन बोचत नाही. थंडीत काढलेले पिलू तसेच बसून राहते. आईला टाकू नये. तिच्यावर पुन्हा पिले येतात, आणि न काढता ठेवली तर कुंडीत एकाच वेळी चार-पाच तुरे दिसतात. उसाच्या खोडव्यासारखेच ते.

पिलू साधारण दीड-दोन वर्षांत फुलायच्या वयाचे होते. वय होऊनही फूल येत नसेल तर एक युक्ती आहे. पेला रिता करून झाड पिकलेल्या सफरचंदासह किंवा केळ्यासह प्लास्टिकच्या पिशवीत आठवडा-दहा दिवस बांधून सावलीत ठेवावे. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू झाडाला फुलोऱ्याचा इशारा देतो आणि दीड ते साडेतीन महिन्यांत तुरा दिसतो. धुराने अननस फुलतो हे एकोणिसाव्या शतकात अझोरस बेटांवरच्या काचघरांत लक्षात आले होते. त्या धुरातही इथिलीनच होता. अननसाच्या मळ्यात आज त्यासाठी इथेफॉन वापरतात. कच्च्या झाडावर हा प्रयोग करू नये. तुरा खुजा येतो आणि आईची उमेदही सरते.

बियांपासूनही झाडे होतात, पण फुलेपर्यंत कित्येक वर्षे जातात आणि संकराचे रोप आईसारखे निघत नाही. घरच्या माणसाने त्या वाटेला न गेलेले बरे.

पैसे न खर्चता सुरुवात करायची तर अननसाचा शेंडा आहेच. पिकलेल्या फळाचा हिरवा, ताजा शेंडा पिळून काढावा, बुडाचा गर खरवडावा, खालची पाने सोलून इंचभर खोड उघडे करावे. तिथे बारीक मुळांची टोके दिसतात. चार-पाच दिवस सावलीत सुकवून तो वर सांगितलेल्या मिश्रणात लावावा आणि पुढे मोठ्या कुंडीत हलवावा. अननस जमिनीवर वाढणारे झाड असल्याने त्याला भरपूर ऊन आणि मुळाशी थोडे अधिक पाणी चालते, चिखल मात्र चालत नाही. बुडाच्या फुटव्यापासून दीड वर्षात फळ धरते, शेंड्यापासून दोन वर्षे किंवा जास्त लागतात, आणि ओतूरच्या थंडीत वाढ मंदावत असल्याने त्यातही दोन-तीन महिने धरून चालावे. कुंडीतले फळ बाजारातल्याहून लहान होते. बूड पिवळे पडून घरभर वास सुटला की ते काढावे. बुडाशी आलेल्या फुटव्यांपैकी एकच जोमदार ठेवून बाकीचे वेगळ्या कुंड्यांत लावावेत.