पडद्यावरचा योद्धा आणि मातीतला मल्ल

काही दिवसांपूर्वी तासिका संपल्यावर बी. ए. च्या वर्गातील दोन विद्यार्थी एका कराटेपटूविषयी मोठ्या हिरिरीने वाद घालीत होते. त्याचा गुरू कोण, गुरूचा घात कोणी केला, आपल्यातील दुष्ट शक्तीवर त्याने जय कसा मिळविला, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. हा कराटेपटू म्हणजे ‘स्ट्रीट फायटर’ या जपानी व्हिडिओ खेळातील र्‍यू. प्रस्तुत लेखकाने त्यांना सहज विचारले, “हरिश्चंद्र बिराजदार कोण?” दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. देगलूरहून उदगीरमार्गे काही तासांच्या अंतरावर, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावी जन्मलेला हा मल्ल त्यांच्या कानांवरूनही गेलेला नव्हता.

या अज्ञानाबद्दल विद्यार्थ्यांना बोल लावणे सोपे आहे. पण ते न्याय्य ठरणार नाही. एका काल्पनिक योद्ध्याचे चरित्र देगलूरपर्यंत पोहोचते आणि शेजारच्या जिल्ह्यातील खर्‍या योद्ध्याचे पोहोचत नाही, यामागे काही कारणपरंपरा आहे, आणि ती अर्थशास्त्राच्या कक्षेत येणारी आहे.

प्रथम र्‍यूचे पाहू. ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये हा खेळ बाजारात आणला, तेव्हा या पात्राला चरित्र असे फारसे नव्हतेच. पांढरा पोशाख, कपाळावर पट्टी आणि जगभर प्रतिस्पर्धी शोधीत हिंडणारा एक अबोल तरुण, एवढेच त्याचे भांडवल. १९९१ च्या दुसर्‍या आवृत्तीने जगभर लोकप्रियता मिळविली आणि मग त्याचा भूतकाळ हप्त्याहप्त्याने रचला गेला. तो अनाथ ठरला. गोकेन हा त्याचा गुरू झाला. गुरूचा धाकटा भाऊ अकुमा हा वैरी म्हणून १९९४ मध्ये अवतरला. एवढेच नव्हे, तर भावाच्या हातून मेलेला म्हणून सांगितलेला गुरू २००८ च्या आवृत्तीत जिवंत होऊन परतला! २०२३ मध्ये सहावी आवृत्ती आली. या मालिकेच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. तात्पर्य, र्‍यूचे चरित्र ही कंपनीच्या मालकीची मालमत्ता आहे. शेतकरी विहिरीची जशी देखभाल करतो, तशी ती कंपनी त्याची देखभाल करते. कारण त्यातून उत्पन्न मिळते.

परंतु ही कल्पनाही शून्यातून निर्माण झालेली नाही. कोरियात १९२३ मध्ये जन्मलेल्या व जपानमध्ये क्योकुशिन कराटे पंथ स्थापन करणार्‍या मासुतात्सु ओयामा यांच्या जीवनाची छाया र्‍यूवर आहे, असे मानले जाते. डोंगरात एकांतवास पत्करून ओयामांनी केलेली साधना जपानी वाचकांना ठाऊक होती. कारण १९७१ पासून त्यांच्या जीवनावर एक चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि घरोघरी वाचली जात होती. म्हणजे आधी माणूस, मग त्याची लिहिलेली कथा, मग खेळ आणि शेवटी देगलूरच्या मुलाच्या हातातील मोबाईल, अशी ही साखळी आहे. तिचा दुसरा दुवा, म्हणजे लेखन, नसता तर पुढचे दुवे जोडलेच गेले नसते.

याच खेळात भारताचाही एक प्रतिनिधी आहे. धालसिम नावाचा हा योगी हातपाय हवे तितके लांबवितो, तोंडातून ज्वाळा फेकतो आणि गळ्यात कवट्यांची माळ घालतो. भारतीय योद्ध्याचे असे विचित्र रूप परक्यांनी रंगविले, म्हणून संतापण्यात अर्थ नाही. आपल्या योद्ध्यांविषयी आपणच जगापुढे काही ठेवले नाही, तर जग आपल्या कल्पनेने ती जागा भरणारच.

आता बिराजदारांचे पाहू. १९५० मध्ये जन्मलेल्या या मुलाने गाव सोडून कोल्हापूरची तालीम गाठली. १९६९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लातूर येथे भरलेल्या स्पर्धेत तो महाराष्ट्र केसरी झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्याने भारतासाठी सुवर्णपदक मिळविले. ज्या मराठवाड्याचा उल्लेख बहुधा दुष्काळ आणि अनुशेष यांच्या संदर्भातच होत असे, तेथील शेतकर्‍याच्या मुलाचे हे यश होते. पुढे दिल्लीच्या सत्पालवर त्यांनी मिळविलेल्या विजयाची चर्चा जुन्या कुस्तीशौकिनांत अजून चालते. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

तथापि बिराजदारांचा खरा वारसा पदकांत नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडविली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचाच पठ्ठा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे त्याने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. एडिंबरो आणि गोल्ड कोस्ट यांच्यामध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे. ते एका वस्तादाच्या हातांनी जोडले गेले. खेळातील गोकेन आणि र्‍यू यांचे नाते विद्यार्थ्यांना भुरळ घालते. त्याच नात्याचा हा अस्सल नमुना आपल्याच मातीत आहे, आणि येथे गुरूला जिवंत करण्यासाठी नव्या आवृत्तीची गरज पडली नाही.

मग हा वारसा विस्मरणात का जातो? कारण त्याला मालक नाही. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणून एक संकल्पना आहे. गावच्या दिव्याचा उजेड सर्वांना मिळतो, म्हणून तेलाचा खर्च करण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. मल्लाच्या स्मृतीचे असेच होते. मल्ल पोसण्यासाठी दूध, तूप, बदाम यांचा खर्च घरचे लोक सोसतात, गाव वर्गणी काढते. पण त्याचे चरित्र लिहिण्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. खाशाबांची ही कथा, तर तालुक्याच्या मल्लाला कोण विचारतो?

कोणी म्हणेल, लेखनावाचूनही कुस्तीची परंपरा टिकलीच ना? ती टिकली, हे खरे. परंतु ती हातातून हातात जाणारी परंपरा आहे. एक तालीम बंद पडली की तेथील डाव, वस्तादांची नावे, जत्रेतील गाजलेल्या जोडी, हे सर्व एका पिढीत पुसले जाते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो, त्याची हकीकत दुसर्‍या दिवशीच्या वृत्तपत्रात येते आणि आठवड्याभरात रद्दीत जाते. देगलूर तर तीन राज्यांच्या सीमेवर वसलेले. मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलखांतील मल्ल एका मातीत उतरतात, ही गोष्ट कोठे नोंदलेली आहे?

यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरते. इतिहास आणि मराठी हे विषय बहुतेक ठिकाणी आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात ध्वनिमुद्रण करणारा मोबाईल आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका वृद्ध मल्लाकडे बसून त्याचा वस्ताद कोण, खुराक कोठून येई, पहिले बक्षीस किती रुपयांचे होते, कुस्ती का सुटली, एवढे चार प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून काढली, तरी पाच वर्षांत तालुक्याचा एक दस्तऐवज सिद्ध होईल. त्यात मल्लविद्येबरोबर शेतीचा, मजुरीचा आणि स्थलांतराचाही इतिहास आपोआप येईल.

र्‍यूशी वैर धरण्याचे कारण नाही. परिश्रम, गुरुनिष्ठा आणि संयम यांचाच पाठ तोही देतो. त्या दोघा विद्यार्थ्यांच्या मनात चरित्राची भूक आहे, हे त्यांच्या वादावरून स्पष्ट झाले. ती भूक भागविणारे अन्न आपण रांधले नाही, एवढाच आपला दोष आहे. वृद्ध मल्ल अजून पारावर बसलेले दिसतात, तोवर तो सुधारता येईल.