अहमद खानांचे अनवाणी पाय

ऑलिंपिकमध्ये अनवाणी फुटबॉल? हो दोस्तांनो, आपले खेळाडू खेळले आहेत! 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू बुटांशिवाय फ्रान्सविरुद्ध उतरले. सामना आपण 1-2 असा हरलो, पण आपला तो एकमेव गोल केला बंगळुरूच्या रामन यांनी. त्याच संघात बंगळुरूचे अहमद खानही होते.

जन्म 1926चा. पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबने त्यांना बोलावलं. तिथल्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक 'पंचपांडव' म्हणत. त्यातले एक अहमद खान. चेंडू त्यांच्या पायापाशी असा घोटाळायचा की त्यांना चक्क 'गारुडी' हे नाव पडलं!

हे कसं जमत असेल? पायाच्या कातडीत स्पर्श ओळखणारे चिमुकले संवेदक असतात. कातडी जराशी दबली, ताणली किंवा थरथरली, की ते मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर देतात. चेंडू कुठे टेकला, किती जोरात, कुठल्या बाजूला निसटतोय, सगळं क्षणात कळतं. जाड चामड्याचा बूट मध्ये आला की हा स्पर्श बोथट होतो. लहानपणापासून अनवाणी खेळलेल्या पायांना तर ही खबर वाचायचा केवढा सराव!

मग सगळेच अनवाणी का खेळत नाहीत? कारण बुटांखालच्या खुंट्या ओल्या गवतात रुततात, उघडा पाय घसरतो. समोरच्याचा बूट बसला तर इजा होते ती वेगळीच. शिवाय थंडी! गारठ्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतूंचे संदेश मंदावतात आणि बोटं बधिर होतात. 1952च्या ऑलिंपिकमध्ये हेलसिंकीच्या थंडीत आपण युगोस्लाव्हियाकडून 1-10 असे हरलो. तो संघ पुढे रौप्यपदक जिंकला, म्हणजे ताकदवान होताच. पण थंडीनेही आपल्या पायांची परीक्षा पाहिली. अशा सामन्यातही भारताचा एक गोल झाला, आणि तो अहमद खानांचा होता. मला तर त्यांच्या सगळ्या गोलांमध्ये हाच सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

आता तुम्ही करून पाहा. डोळे मिटा आणि मित्राला तुमच्या तळव्याखाली कधी पेन्सिल, कधी गोटी ठेवायला सांगा. काय आहे ते ओळखा. मग मोजा चढवून, मग बूट घालून पुन्हा ओळखा. शेवटी पाय थोडा वेळ गार पाण्यात ठेवून बघा. किती वेळा चुकलात, ते वहीत नक्की लिहून ठेवा!