चांदीचा करंडा काळा का पडतो?

आजीचा चांदीचा करंडा काळवंडला की राखेनं घासू नका. हवेतल्या गंधकाच्या अंशानं चांदीवर हा थर चढतो. घासलं की चांदी झिजते, नक्षी बुजते. द्राक्षावर भुरीसाठी आणलेली गंधकाची पावडर कपाटाशेजारी ठेवलीत, तर करंडा काळा पडणारच! पोतं राहत्या घराबाहेर, कोरड्या जागी कुलपात ठेवा.

साध्या करंड्याला पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खायचा सोडा पुरे; मात्र करंडा कागदाला टेकला पाहिजे. आरसा, खडे असतील तर हा उपाय नको.

पेरणीच्या नडीला मोड घालावीच लागली, तर आरसा काढूनच वजन करा. ९२५ शिक्का म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. घडणावळ बहुधा बुडतेच.